वंशवृक्ष-रचना (उत्क्रांतीचे अध्यापन)

सजीवांची लक्षणे ताडून पाहून त्यांच्या नात्याचा आराखडा विद्यार्थ्यांकडूनच काढून घेणे आणि त्या ओघात उत्क्रांती शिकवणे, ही जीवशास्त्राच्या अध्यापनातील एक पद्धत. चार्ल्स डार्विनने १८३७ साली आपल्या वहीत असा फांद्याफांद्यांचा वृक्ष रेखाटला होता. १८५९ च्या त्याच्या ग्रंथात आकृती एकच आहे, तीही अशीच. नुसते साम्य म्हणजे नाते नव्हे, समान पूर्वजाकडून आलेले नवे लक्षणच पुरावा धरावे, हा नियम जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने १९५० मध्ये मांडला.

खानदेशातल्या वर्गाला यासाठी लागणारे बरेचसे साहित्य आठवडे बाजारात मिळते. भरताचे वांगे, नंदुरबारची मिरची, टोमॅटो, बटाटा. जोडीला बांधावरचा धोतरा आणि तंबाखू. ही सहाही एकाच कुळातली. पाने, फुले, फळे पाहून तक्ता भरायचा: लक्षण असेल तिथे १, नसेल तिथे ०. जमिनीखालचा म्हणून बटाटा बाजूला काढण्याचा मोह होतो. पण त्याची पाने टोमॅटोसारखीच संयुक्त, आणि झाडाला टोमॅटोसारखी लहान हिरवी फळेही धरतात. वांगे, मिरचीची पाने साधी. डीएनएचा कौलही तोच: बटाटा आणि टोमॅटो सर्वांत जवळचे, मग वांगे, मग मिरची. सुक्या बोंडामुळे धोतरा तंबाखूशेजारी जाऊन बसतो. डीएनए मात्र त्याला मिरची-वांग्याच्या बाजूला आणतो. ही चूक विद्यार्थ्याच्या हातून होणे फार मोलाचे, कारण हेनिगचा नियम तिथेच उमगतो. सहा जातींचे ९४५ वेगवेगळे वृक्ष संभवतात, दहा जातींचे ३ कोटी ४४ लाखांहून अधिक. त्यामुळे पुढे संगणक लागतोच. तरी पहिला वृक्ष हातानेच काढावा.

‘माकडाचा माणूस झाला’ हा समज शिडीच्या चित्रातून येतो. वृक्षात चुलतभाऊ हा पूर्वज नसतो. दोघांचा आजा एक असतो. फाट्याभोवती फांद्या फिरवल्या तरी नाते तेच राहते. सुतळी आणि काड्यांचा वृक्ष टांगून फिरवून दाखवला की हे चटकन कळते.

रानपिंगळा हे या भागाचे स्वतःचे उदाहरण. १८७३ मध्ये वर्णन झालेला हा पक्षी १८८४ नंतर दिसेनासा झाला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला. तो वेगळ्या प्रजातीतला (म्हणजे जातींच्या वेगळ्या गटातला) की साध्या पिंगळ्याचाच भाऊबंद, हा जुना वाद होता. २०१८ मधील डीएनए-वृक्षात तो पिंगळ्यांच्याच फांदीवर आला.

कपाशीपाशी मात्र वृक्ष अपुरा पडतो. देशी कपाशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकन कपाशीत ५२, कारण दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून ती घडली. तिथे दुभंगलेल्या फांद्या पुन्हा एकत्र येतात, म्हणून वृक्षाऐवजी जाळे काढावे लागते.