आधी आरसा, मग छायाचित्र

छायाचित्र जगापुढे आलं तेच आरशाच्या अंगावर. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये लुई दागेर यांची पद्धत जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा चढवायचा, तो लख्ख घासायचा, आयोडीनची धुरी द्यायची, कॅमेऱ्यात प्रकाश दाखवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरायचा. असा दागेरोटाइप हातात घेतला की आधी दिसतो तो आपलाच चेहरा. पत्रा जरा कलता करून त्यात काहीतरी काळं, कोटाची बाही म्हणा, येऊ दिलं की चित्रातला माणूस उमटतो. उजेडाकडे कलवला की तोच माणूस निगेटिव्ह होतो. शिवाय डाव्याचं उजवं झालेलं, कोटाची बटणं उलट बाजूला. समोर बसलेल्याला त्याचं फारसं वावगं वाटत नसणार. आरशात तो स्वतःला रोज तसाच पाहत होता.

याच्या चार वर्षं आधी, १८३५ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना काचेवर चांदीचा पातळ थर बसवायची रीत सापडली होती. तोवरचे आरसे कथील आणि पाऱ्याचे, कारागिरांच्या जिवावर बेतणारे. नव्या आरशाची चांदी सिल्व्हर नायट्रेटमधून आली आणि पुढे फोटोच्या कागदाची व फिल्मची चांदीही त्यातूनच. आरसा आणि फोटो ही अशी सख्खी भावंडं. १८४० मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर वॉलकॉट यांनी तर भिंगाऐवजी अंतर्गोल आरसा लावलेल्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं.

हे तंत्र मुंबईत लवकर रुजलं. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली १८५४ मध्ये. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, स्वतः डॉक्टर असलेले नारायण दाजी, कॅमेरा हाताळणाऱ्या पहिल्या मुंबईकरांपैकी. त्या काळी इथे भर होता तो माणसं, पेहराव आणि इमारती टिपण्यावर.

फोटोत आरसा मुद्दाम ठेवण्याची दृष्टी लंडनमध्ये लेडी क्लेमेंटिना हॉवर्डन यांच्याकडे स्पष्ट दिसते. १८६०च्या आसपास त्यांनी आपल्याच मुलींना खिडकीच्या उजेडात उंच आरशापाशी उभं केलं. पाठमोऱ्या मुलीचा चेहरा आरशातून कळतो आणि एका चौकटीत एकाच व्यक्तीच्या दोन बाजू मिळतात. पुढे पॅरिसमध्ये यूजीन आत्जे यांनी दुकानांच्या काचा टिपल्या: आत पुतळे, त्यांच्यावर पडलेलं समोरच्या घरांचं आणि झाडांचं प्रतिबिंब. १९३१ मध्ये इल्झ बिंग यांनी लायका कॅमेरा घेऊन दोन आरशांत स्वतःला टिपलं; एकात समोरून, दुसऱ्यात बाजूने. १९३३ मध्ये आंद्रे कर्तेश यांनी जत्रेतल्यासारखे वाकडे आरसे वापरून मानवी देहाच्या विकृत प्रतिमांची मालिकाच केली. मला बिंग यांचा फोटो अधिक मोलाचा वाटतो. तिथे आरसा चमत्कार दाखवत नाही, जे एका जागेवरून दिसणं शक्य नाही ते दाखवतो.

मुंबईला हाच धडा शिकायला इराणी हॉटेलं पुरेशी होती. कोपऱ्यावरची जागा इतर दुकानदार अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. कोपरा म्हणजे दोन रस्त्यांचा उजेड. त्यात भिंतींवर मोठाले आरसे. गल्ल्यावरच्या शेटजींना पाठमोरं गिऱ्हाईकही दिसावं, हा त्यातला सोयीचा भाग. फोटो काढणाऱ्यासाठी मात्र ती खोली तिप्पट होते: संगमरवरी टेबल, त्यामागे आरशातलं टेबल आणि त्याही मागे उलटा वाचावा लागणारा रस्त्यावरचा फलक.

इथे नवखा हमखास चुकतो तो फोकसमध्ये. आपण आरशापासून तीन फुटांवर आणि चहा पिणारा माणूस सहा फुटांवर असेल, तर त्याचं प्रतिबिंब लेन्सच्या हिशेबी नऊ फुटांवर असतं. तीन फुटांवर फोकस केला, तर आरशावरचे काळे डाग आणि पुसल्याचे ओघळ स्पष्ट येतात आणि माणूस धूसर. दोन्ही निवडी योग्य असू शकतात, पण ती निवड आपली हवी, कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसची नको.

रंगीत छायाचित्रणात हे सगळं पूर्ण ताकदीने आणलं ते रघुबीर सिंह यांनी. हावड्याच्या फुटपाथवर मांडलेल्या आरशांच्या दुकानाचा त्यांचा १९९१ मधला फोटो पाहावा. एका चौकटीत अनेक चौकटी, प्रत्येकीत रस्त्याचा वेगळा तुकडा, आणि तरीही गोंधळ नाही. मुंबईवरचं त्यांचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. खच्चून भरलेल्या शहराला मागे सरून पाहायला जागाच नसते, तेव्हा काच आणि आरसा ती जागा देतात, हे मला त्यांच्या फोटोंतून कळलं.

आता इराणी हॉटेलं मोजकी उरली आहेत आणि आरशांचं काम काचेच्या इमारतींकडे गेलं आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या आणि लोअर परळमध्ये त्यांच्या जागी टॉवर आले. गिरणीची उरलेली एखादी चिमणी त्या टॉवरच्या काचेत टिपायची, तर लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, काढून ठेवा किंवा उलट फिरवून पाहा. काचेला लंब रेषेपासून साधारण ५५ अंशांवर कॅमेरा धरला की हा फिल्टर प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो आणि चिमणीऐवजी आतले क्यूबिकल हाती येतात.