विचारशैली : ‘जुळवून घेणारा’ या शिक्क्याची गोष्ट

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रशिक्षणात परवा उद्योजकांकडून विचारशैलीची, म्हणजे माणूस प्रश्न कसा सोडवतो याची, प्रश्नावली भरून घेतली. निकाल दोन गटांत : ‘नवोन्मेषी’ आणि ‘जुळवून घेणारे’. दुसऱ्या गटात निघालेल्या एका वर्कशॉपवाल्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि चहाला म्हणून जो गेला, तो परत आलाच नाही.

स्वभाव आणि धंदा यांची सांगड जुनी आहे. 1960च्या दशकात एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आंध्रातल्या काकीनाड्यात छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन पाहिलं. तिथे भर यशाच्या ओढीवर होता, विचाराच्या पद्धतीवर नव्हे. आपल्याकडच्या उद्योजकता वर्गांवर आजही त्याचीच छाप आहे, म्हणून तिथे ‘धडाडी’ आणि ‘शैली’ सर्रास एक धरतात.

खरा गोंधळ 1976चा. ब्रिटनमधल्या एका मानसशास्त्रज्ञाने प्रश्न सोडवण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या : आहे त्या चौकटीत राहून काम सुधारणारे, आणि चौकटच बदलायला निघणारे. त्याच्या प्रश्नावलीत गुण 32 ते 160 यांच्या दरम्यान. दोन टोकांमध्ये सलग पट्टी आहे, दोन कप्पे नाहीत. शैली म्हणजे कुवत नव्हे आणि सर्जनशील दोघेही असतात, हा तर त्या मांडणीचा कणाच. पण पहिल्या टोकाचं मराठी झालं ‘जुळवून घेणारा’. आपल्याकडे जुळवून घेते ती सासरी गेलेली सून! कोणता मालक हे नाव स्वतःला लावून घेईल? ‘सुधारक’ म्हणावं, तर त्या शब्दावर महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून दुसऱ्यांचाच हक्क. मला विचाराल तर ‘घडी बसवणारा’ आणि ‘घडी मोडणारा’ चालेल.

सातपूर-अंबडची निम्मी पुण्याई घडी बसवणाऱ्यांची आहे. नाशिकजवळच्या ओझरला 1964मध्ये मिग विमानांचा कारखाना आला, मागोमाग वाहनउद्योग आला, आणि ड्रॉइंगबरहुकूम पार्ट देणारी वर्कशॉपं उभी राहिली. चहाला गेलेल्या त्या गृहस्थांनी फिक्श्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवणारा साचा, बदलून दोन सेटिंगचं ड्रिलिंग एकात आणलंय. रिजेक्शन जवळपास थांबलं. प्रश्नावलीत त्याची नोंद होते ती ‘नियमाला धरून चालतो’ एवढीच.

2001मध्ये चर्चेला वेगळं वळण लागलं. अमेरिकेतल्या एका भारतीय वंशाच्या संशोधक बाईंनी 27 मुरलेल्या उद्योजकांना एकच काल्पनिक वस्तू देऊन मोठ्याने विचार करायला लावलं. ते बाजारपेठेच्या अंदाजापासून नव्हे, हाताशी काय आहे इथून सुरुवात करत होते. नाशिककरांना हे ओळखीचं वाटेल. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या एका इंजिनिअरने गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत आधी आंबा, मग खाण्याची द्राक्षं लावून पाहिली आणि शेवटी तो वाईनकडे वळला. राज्याचं वाईन धोरणही 2001चंच.

मात्र ते 27 जण यशस्वी होते म्हणूनच निवडले गेले होते. 2008नंतरच्या मंदीत इथल्या कितीतरी छोट्या वायनरी अडचणीत आल्या. त्यांनीही सुरुवात हाताशी असलेल्या बागेपासूनच केली होती.