दर दमाला नवं जग

जातं फिरताना नीट पाहिलं तर त्यात एक कोडं दिसतं. काठाजवळचा खुंटा एका फेऱ्यात चांगलं मोठं वर्तुळ काढतो. तोंडाजवळ पिठाचा एखादा ठिपका लागला असेल, तर तो त्याच फेऱ्यात जेमतेम वीतभराचं वर्तुळ काढतो. फेरा मात्र दोघांचा एकाच वेळी पुरा होतो. खुंटा जोरात गेला, ठिपका सावकाश गेला, एवढं म्हणून आपण पुढची मूठ घालतो.

पण समजा, काळ कणाकणांचा आहे. ज्वारीच्या दाण्यांसारखे सुटे सुटे क्षण, आणि एका क्षणाचे आणखी तुकडे पडत नाहीत. जागाही तशीच, घराघरांची. मग एका क्षणात एक घर पुढे सरकायचं, हा एकच वेग शिल्लक राहतो. सावकाश जाणं म्हणजे मधूनमधून थांबणं. खुंटा एकसारखा चालत असेल, तर आतला ठिपका कित्येक क्षण जागेवर उभा राहायला हवा. आणि जातं तर एकसंध दगडाचं. काठ पुढे गेला आणि आतला भाग थांबला, तर दगड फुटायला हवा.

हा आक्षेप बाराव्या शतकात मायमोनिडीसने लिहून ठेवला आहे. हा कैरोजवळच्या फुस्तातमध्ये राहणारा ज्यू वैद्य आणि तत्त्वज्ञ, 1204 साली वारला. तो ज्यांच्याशी वाद घालत होता, ते बगदाद-बसऱ्याकडचे ‘कलाम’ परंपरेचे मुस्लिम धर्मचिंतक. त्यांनी दिलेलं उत्तरही त्याने नोंदवलं आहे: फिरताना जात्याचे कण खरोखरच एकमेकांपासून सुटतात, आतले कण जास्त वेळा थांबतात, बाहेरचे कमी वेळा. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, इतकंच. मायमोनिडीसला हे अजिबात पटलं नव्हतं.

मला हे उत्तर धाडसी वाटतं. मोबाइलच्या पडद्यावर एखादं चाक फिरताना दिसतं, तेव्हा नेमकं हेच घडत असतं. पडदा ठिपक्यांचा बनलेला आणि चित्र सेकंदाला 60 किंवा त्याहून जास्त वेळा बदलणारं. काठावरचा रंग प्रत्येक वेळी पुढच्या ठिपक्यावर जातो. मध्याजवळचा रंग कित्येक चित्रं तिथेच थांबतो आणि मग एक घर सरकतो. आपल्याला मात्र सलग फिरणारं चाक दिसतं. कणांचं जग मानलं, की जात्याचं फुटणं मानावंच लागतं, आणि कलामवाद्यांनी ते न कचरता मानलं.

त्यांना कण हवे होते कशासाठी? त्यांच्या मते कुठल्याही वस्तूला स्वतःच्या बळावर टिकता येत नाही. विशेषतः दहाव्या शतकातल्या अशअरी पंथाचं म्हणणं असं, की रंग, ऊब, हालचाल असे गुण दोन क्षणसुद्धा टिकत नाहीत. पांढऱ्या कापडाचा पांढरेपणा या क्षणी संपतो आणि पुढच्या क्षणी ईश्वर तो पुन्हा निर्माण करतो. त्याच पंथातल्या इमाम गझालीने (1058–1111) कापसाचं उदाहरण दिलं. विस्तव लागला आणि कापूस जळाला, एवढंच आपण पाहतो. विस्तवा‘मुळे’ जळाला हे कुणीच पाहिलेलं नाही, एकापाठोपाठ एक घडण्याची आपल्याला फक्त सवय झाली आहे.

इथून सूफी तत्त्वज्ञानाची वाट फुटते. मुहियुद्दीन इब्न अरबी 1165 साली अंदलूसमधल्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या मुर्सियात जन्मला. तरुणपणी कोर्दोब्यात तत्त्वज्ञ इब्न रुश्दला भेटला, 1202 मध्ये मक्केला पोचला आणि 1240 साली दमास्कसला वारला. कासियून डोंगराच्या उतारावर त्याची कबर आहे. मक्केत त्याने ‘फुतूहात अल-मक्किय्या’ हा 560 प्रकरणांचा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचा दुसरा, सुधारलेला खर्डा मरणाच्या दोनच वर्षं आधी पुरा झाला.

इब्न अरबी म्हणतो, अशअरींना सत्य सापडलं, पण अर्धंच. त्यांनी गुण क्षणिक मानले आणि गुण ज्याला चिकटतात ते द्रव्य मात्र टिकाऊ ठेवलं. त्याच्या मते सगळं जगच तसं आहे. कापडाचा पांढरेपणाच काय, कापडही दर क्षणी मावळतं आणि नव्याने उगवतं. कुराणातल्या ‘खल्क जदीद’, म्हणजे नवी निर्मिती, या शब्दांचा त्याने हा अर्थ लावला. ईश्वराचं प्रकटणं कधीच तेच ते नसतं, हे त्याचं ठाम म्हणणं. क्षणाक्षणांतलं साम्य इतकं दाट असतं, की मधला सांधा आपल्याला कळत नाही.

यावर त्याने एक कथा अशी काही उलगडली आहे, की मी ती वाचून थांबलो होतो. सुलेमान बादशहाच्या दरबारात शेबाच्या राणीचं, बिल्किसचं, सिंहासन पापणी लवण्याआत हजर झालं, ही कुराणातली गोष्ट. येमेनपासून जेरुसलेमपर्यंत सुमारे 2 हजार किलोमीटर. इब्न अरबी म्हणतो, सिंहासन हललंच नाही. ते तिकडे मावळलं आणि त्याच क्षणी इकडे उगवलं, कारण एरवीही ते दर क्षणी मावळून उगवतच होतं, फक्त त्याच जागी. रेल्वे स्टेशनवरच्या दिव्यांच्या पाटीवर गाडीचं नाव सरकताना दिसतं ना, तसं. दिवा एकही सरकत नाही. इथला विझतो, शेजारचा लागतो.

त्याच शतकात सूफी कवी मौलाना रूमीने (1207–1273) हेच सांगायला पेटतं कोलीत घेतलं. हातात जोरात फिरवलं, की ठिणगीची लांबच लांब रेघ दिसते, तसंच आयुष्य झऱ्यासारखं नवं नवं येत असतं आणि वेगामुळे सलग भासतं. दिवाळीत फुलबाजी फिरवून अंधारात गोल काढला नाही, असं मराठी मूल विरळाच. तो गोल आपल्या डोळ्यात तयार होतो, कारण नेत्रपटलावर पडलेल्या उजेडाचा ठसा लगेच पुसला जात नाही. आपल्याकडे मांडुक्यकारिकेत गौडपादाचार्यांनी हेच कोलीत, ‘अलात’, वापरलं. त्यांचा निष्कर्ष वेगळा आहे. हे कोलीत कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणत नाही. विस्तव साऱ्यांच्याच घरी होता.

मग काळ म्हणजे काय? इब्न अरबीच्या लेखी काळाला स्वतःचं अस्तित्व नाही. तो एक संबंध आहे, ‘केव्हा?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यापुरता मनाने धरलेला. मोजायचा तर कशाच्या तरी फिरण्यावर. त्या काळच्या खगोलशास्त्रात पृथ्वी मध्ये, भोवती एकात एक बसवलेले गोल: चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी, मग स्थिर तारे, आणि सगळ्यांबाहेर एक ताराविरहित गोल, ‘अतलस’, म्हणजे कोऱ्या रेशमी कापडासारखा गुळगुळीत. इब्न अरबी म्हणतो, तो फिरायला लागला तेव्हा दिवस सुरू झाला. पण त्यावर एकही खूण नव्हती, म्हणून फेरा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सूर्य आल्यावर त्या दिवसाचे रात्र आणि उजेड असे दोन भाग पडले. खुणेशिवाय फेरा मोजता येत नाही, हा मुद्दा आजच्या प्रयोगशाळेतही तितकाच खरा आहे. आपला सेकंद सीझियम अणूच्या 9,19,26,31,770 आंदोलनांवर बेतलेला आहे. आंदोलन ओळखता आलं नाही, तर सेकंदही नाही.

फेरा म्हणजे दिवस, हे एकदा मानलं की दिवस एकच उरत नाही. चंद्राचा दिवस आपल्या 28 दिवसांचा. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या मोजणीत स्थिर ताऱ्यांचा गोल 100 वर्षांत एक अंश सरकतो, म्हणजे त्याचा एक फेरा 36,000 वर्षांचा. (ही सरक खरी आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून ती दिसते, आणि आजच्या मोजणीप्रमाणे एक अंशाला सुमारे 72 वर्षं लागतात.) कुराणात हजार वर्षांचा दिवस आहे, पन्नास हजार वर्षांचाही आहे. आणि ‘दर दिवशी तो नव्या कामात असतो’ या वचनातला दिवस इब्न अरबीने सगळ्यात छोटा ठरवला: जो आणखी तोडता येत नाही तो क्षण. ताऱ्यांच्या फेऱ्याला आणि त्या अविभाज्य क्षणाला तो एकच शब्द लावतो, ‘यौम’.

हे जग सारखं उगवतं ते कशातून? श्वासातून, असं त्याचं उत्तर आहे. ‘नफस अर-रहमान’, दयाळू ईश्वराचा श्वास. बोलताना आपला श्वास घशातून निघतो, वाटेत अडतो, आणि जिथे अडतो तिथे अक्षर होतं. अरबी अक्षरं 28. इब्न अरबी ती घशाच्या तळापासून ओठांपर्यंत लावतो आणि प्रत्येकाला विश्वाची एक पायरी देतो. सगळ्यात खोलवरचा हमजा म्हणजे आद्य बुद्धी. अकरा ते सतरा या पायऱ्यांवर सात ग्रह, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, चौदाव्या पायरीवर, सूर्य. त्याचं अक्षर ‘नून’, ‘नूर’ म्हणजे प्रकाशातलं. ओठ मिटून होणारा ‘मीम’ सत्ताविसावा, तो माणसाचा.

क, च, ट, त, प एकदा मोठ्याने म्हणून पाहा. कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. आपली वर्णमालाही त्याच वाटेने बाहेर येते आणि ‘म’ वर ओठ मिटतात. इब्न अरबीच्या 28 अक्षरांना चंद्राच्या 28 मंजिलीही, म्हणजे आपल्या नक्षत्रांसारखे आकाशातले मुक्काम, जोडलेल्या आहेत, आणि तिथेही ओळखीचे तारे भेटतात. पहिली मंजिल ‘शरतान’ आपली अश्विनी, ‘सुरय्या’ कृत्तिका, ‘दबरान’ रोहिणी. आपण 27 मोजतो, अभिजित धरलं तर 28. चंद्र ताऱ्यांमधून एक फेरा 27.3 दिवसांत करतो, म्हणून दोन्ही आकडे जवळचे.

या विचारातले काही शब्द तर आपण रोज बोलतो. ‘जमाना’, ‘मुदत’, ‘तारीख’ हे अरबी. ‘हल्ली’ हा ‘हाल’ वरून, आणि सूफींसाठी हाल म्हणजे येऊन जाणारी, धरून न ठेवता येणारी अवस्था. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास आणि क्षणही. ‘एका दमात’ म्हणताना मराठीतही दोन्ही अर्थ जागे असतात.

तुटक क्षणांचं हे चित्र सगळ्यांनी मान्य केलं नाही. इराणमधल्या शिराझचा तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा (मृत्यू 1640) इस्फहानमध्ये शिकला, विरोध वाढल्यावर कुमजवळच्या कहक गावात एकांतात राहिला आणि नवाच विचार घेऊन परतला. त्याच्या आधी बहुतेक जण म्हणत, कैरी तीच असते, तिचा रंग आणि चव बदलते. सद्रा म्हणतो, कैरीचं कैरीपणच वाहत असतं. पिकणं ही कैरीला बाहेरून घडणारी गोष्ट नव्हे, ते तिचं असणंच आहे. याला त्याने ‘हरकत जौहरिय्या’, द्रव्याचीच गती, म्हटलं. जग दर क्षणी नवं, हे त्याला इब्न अरबीसारखंच मान्य, पण मध्ये सांधा कुठेच नाही. प्रत्येक वस्तूला जागेतला पसारा असतो तसा काळातलाही असतो. सद्राचं एक भाष्य पुढे भारतातल्या मदरशांच्या दर्स-ए-निजामी अभ्यासक्रमात लागलं आणि विद्यार्थी त्या पुस्तकालाच ‘सद्रा’ म्हणू लागले.

यावरून ‘सद्राने आइन्स्टाइनच्या आधी चौथी मिती शोधली’ असं लिहिलेलं आढळतं. ते मला पटत नाही. आइन्स्टाइन आणि गणितज्ञ मिंकोव्स्की यांच्याकडे प्रकाशाच्या वेगाची मोजमापं होती, समीकरणं होती. सद्राकडे कैरीसारख्या साध्या वस्तूकडे अपार बारकाईने पाहणारी बुद्धी होती. तिचा मान तिच्याच जागी मोठा आहे.

कण की प्रवाह, हा प्रश्न मात्र अजून निकालात निघालेला नाही. 2020 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हायड्रोजनचा एक रेणू ओलांडायला प्रकाशाला लागणारा वेळ मोजला: 247 झेप्टोसेकंद, म्हणजे एकावर 21 शून्यं इतके सेकंदाचे भाग केले तर त्यातले 247. तिथेही काळाचा दाणा लागला नाही. दुसरी कसोटी आकाशाने घेतली. अवकाश-काळ कणांचा असेल, तर काही सिद्धांतांप्रमाणे जास्त ऊर्जेचा प्रकाश वाटेत किंचित रेंगाळायला हवा. 10 मे 2009 रोजी अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीने सुमारे 7 अब्ज प्रकाशवर्षांवरचा एक गॅमा-स्फोट, म्हणजे अतिशय जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांचा झोत, टिपला. त्यातला 31 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा एक प्रकाशकण, इतका प्रवास करून, आपल्या कमी ऊर्जेच्या सोबत्यांनंतर सेकंदाच्या आत पोचला. कणांचं एक प्रकारचं चित्र त्याने जवळपास बाद केलं, सगळी नाही. जातं फिरतं आहे, आणि त्याचे कण सुटताना अजून कुणी पाहिलेले नाहीत.