नळाच्या टोकापासून नकाशापर्यंत

धुराड्याला गाळणी बसवायची, सांडपाण्याच्या नळाच्या टोकाला शुद्धीकरण यंत्रणा उभारायची आणि उरलेला गाळ पुरून टाकायचा. अभियंत्यांच्या शिक्षणात पर्यावरण म्हणजे कितीतरी वर्षं एवढंच होतं. या परंपरेचं ऋण मोठंच आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १८८४ पासून रसायनशास्त्रज्ञ एलेन स्वालो रिचर्ड्स पाणी, हवा आणि सांडपाण्याचं पृथक्करण शिकवत होत्या, आणि अशाच शिक्षणातून पुढे शहरांना शुद्ध पाणी देणारे अभियंते घडले. पण कारखान्याची आखणी करणारे रसायन आणि यंत्र अभियंते सहसा या वर्गाकडे फिरकत नसत. घाण तयार करणारा एक, निस्तरणारा दुसरा, अशी वाटणी होऊन बसली.

ही वाटणी आधी उद्योगातच मोडू लागली. १९७५ मध्ये थ्रीएम कंपनीत जोसेफ लिंग यांनी प्रदूषण मुळातच टाळण्याचा कार्यक्रम सुरू केला: कच्चा माल बदला, प्रक्रिया बदला, यंत्राची रचना बदला, उरलेलं पुन्हा वापरा. त्याआधीच्या वर्षी इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यातल्या स्फोटात २८ माणसं गेली होती. घातक रसायनाचा साठाच ठेवला नाही तर गळणार काय, हे सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ त्यानंतर सांगत राहिले. १९८४ मध्ये भोपाळ घडलं. तिथला मिथिल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ म्हणजे शेवटचा माल नव्हे, कीटकनाशक बनवतानाचा मधल्या टप्प्यावरचा पदार्थ होता. एवढा साठवून ठेवणं हा आखणीतला निर्णय होता, आणि म्हणूनच तो टाळता येण्यासारखा होता.

अमेरिकेत प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९९० मध्ये झाला. पाठोपाठ मिशिगन विद्यापीठात या विषयाचं अध्यापनसाहित्य तयार करणारं केंद्र निघालं. १९९४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अनेक देशांत स्वच्छ उत्पादन केंद्रं उघडली. २००३ मध्ये पॉल अनास्तास आणि ज्युली झिमरमन यांनी हरित अभियांत्रिकीची, म्हणजे आखणीतच प्रदूषण टाळण्याची, १२ तत्त्वं मांडली.

मला मात्र तत्त्वांपेक्षा एक नळ जास्त शिकवून जातो. १९९७ मध्ये इंटरफेस कंपनीच्या शांघायमधल्या गालिच्यांच्या कारखान्यात अभियंता यान शिलहॅम यांनी नळांचा व्यास वाढवला. यंत्रं आधी मांडून नळ वळवत नेण्याऐवजी त्यांनी नळ आधी सरळ आखले आणि यंत्रं त्यांच्या सोयीने बसवली. प्रवाह तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला, तर घर्षणाने वाया जाणारा दाब साधारण बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. पंपांची गरज सुमारे ७१ किलोवॉटवरून ५.३ किलोवॉटवर उतरली. यातलं एकही सूत्र नवीन नव्हतं. कागदावर पहिली रेघ कशाची ओढायची, तेवढं बदललं होतं.