शॉर्टकट न चालणं (ब्राउझरमधलं कोडिंग नोटबुक)

ज्युपिटर नोटबुक, ज्युपिटरलॅब, गूगल कोलॅब अशा ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या कोडिंग नोटबुकात शॉर्टकट दाबून काहीच न होणं किंवा भलतंच होणं, आणि त्यामागचं कारण हुडकणं. बोलताना सगळे 'शॉर्टकट मेला' म्हणतात, पण बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो, दाबलेली की मध्येच दुसऱ्या कोणीतरी उचललेली असते. त्यामुळे की कोणाकडे गेली हे कळलं की अर्धं काम झालं. सेल म्हणजे काय, तो रन कसा करतात हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरलंय.

घोळाचं मूळ दोन मोडांत आहे. एडिट मोडमध्ये अक्षर दाबलं की ते सेलमध्ये उमटतं, कमांड मोडमध्ये तेच अक्षर हुकूम होतं. एस्केपने कमांड मोडमध्ये जायचं, एंटरने परत एडिटमध्ये. ज्युपिटरचा आधीचा अवतार असलेलं आयपायथन नोटबुक डिसेंबर २०११ मध्ये ०.१२ व्हर्जनसोबत आलं तेव्हा ही भानगड नव्हती, आधी कंट्रोल-एम आणि मग पुढचं अक्षर असा सरळ हिशोब होता. मोड आले २०१४ च्या २.० व्हर्जनमध्ये, त्याच वर्षी ज्युपिटर हा वेगळा प्रकल्प म्हणून जाहीर झाला. कोलॅबने मात्र कंट्रोल-एमचीच चाल ठेवली, तिथे वर सेल घालायला कंट्रोल-एम आणि मग ए. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की 'चालत नाही' अशी तक्रार येते, त्यात बिघाड काही नसतो.

मोडांची कल्पना आली कुठून यावर दोन मतं दिसतात. एक मत सरळ व्हीआयकडे बोट दाखवतं, म्हणजे बिल जॉयने १९७६ च्या सुमारास लिहिलेला एडिटर. वर-खाली जायला के आणि जे, उडवायला दोनदा डी, एवढं साम्य योगायोगाने येत नाही. व्हीआय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर (मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेला पडदा-कीबोर्ड) घडला त्यावर एस्केप की आजच्या टॅबच्या जागी होती, म्हणून सारखं एस्केप दाबणं तेव्हा जड जात नसे, आज करंगळी ताणावी लागते. दुसरं मत नोटबुकाची वंशावळ १९८८ च्या मॅथेमॅटिका या गणिताच्या सॉफ्टवेअरपर्यंत नेतं, आणि सेल, शिफ्ट-एंटर यांच्यापुरतं ते बरोबरच आहे, पण एकेका अक्षराचे हुकूम त्यातून निघत नाहीत. तेव्हा सांगाडा मॅथेमॅटिकाचा आणि बोटांची सवय व्हीआयची, असं म्हणणं जास्त पटतं. जाता जाता, झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात काम केलेल्या लॅरी टेस्लर या संगणकशास्त्रज्ञाने मोडांविरुद्ध आयुष्यभर मोहीम चालवली होती, आणि खालचं उदाहरण बघून त्याला अजिबात नवल वाटलं नसतं.

समजा सेल कमांड मोडमध्ये आहे आणि आपण एडिटमध्ये आहोत समजून ॲड(एक्स, वाय) असा फंक्शन कॉल रोमन अक्षरांत टाइप करायला घेतला. ए ने वर नवा सेल आला, दोन डींनी तो लगेच उडाला, म्हणजे इथवर नोटबुक जसंच्या तसं आणि आपल्याला वाटतं कीबोर्ड अडकलाय. मग एक्सने आपला मूळ सेल कापला गेला, आणि वायने त्याच्या खालचा मार्कडाउन सेल (कोडऐवजी मजकुराचा) असेल तर तो कोड सेल होऊन बसला. कापलेला सेल लगेच व्ही दाबून परत चिकटवता येतो, घाबरून सेव्ह करत सुटू नये. दोन डी सावकाश दाबले तरी गडबड, ज्युपिटरलॅबमध्ये दुसरा डी साधारण एका सेकंदाच्या आत यावा लागतो.

मोड बरोबर असूनही चालत नसेल तर ब्राउझरकडे बघायचं. कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-टी, कंट्रोल-एन या किया क्रोम पानाला देतच नाही, सेटिंगमध्ये काहीही लिहा, टॅब बंद होणारच. जुन्या ज्युपिटर नोटबुकात (ज्युपिटरलॅबच्या आधीच्या) कंट्रोल-शिफ्ट-पी ने कमांड पॅलेट, म्हणजे सगळ्या हुकुमांची यादी, उघडायचं, तीच जोडी फायरफॉक्समध्ये प्रायव्हेट विंडो उघडते. एक्स्टेन्शन तर आणखी घातक, व्हीआयसारख्या कियांनी ब्राउझर चालवू देणारं व्हिमियम चालू असेल तर एक्सने सेलऐवजी अख्खा टॅब जातो, त्यावर उपाय म्हणजे नोटबुकाचा पत्ता त्याच्या वगळण्याच्या यादीत टाकायचा. एक्स्टेन्शनचा संशय असला की तेच नोटबुक प्रायव्हेट विंडोत उघडून बघावं, तिथे एक्स्टेन्शनं सहसा बंद असतात. सेलच्या आत व्हिमची (व्हीआयचा पुढचा अवतार) बटणं देणारं प्लगइन टाकलेलं असेल तर पहिला एस्केप तेच खातं.

आउटपुटमध्ये आयफ्रेम, म्हणजे पानात बसवलेलं दुसरं पान, असेल, एखादा हलता नकाशा किंवा चार्ट, आणि त्यावर क्लिक झालं असेल, तर किया त्या चौकटीतच राहतात, बाहेरच्या नोटबुकाला त्यांचा पत्ताच लागत नाही, सेलच्या डाव्या कडेला क्लिक केलं की सुटतं. देवनागरीसारख्या लिपीसाठी टायपिंगचं इनपुट टूल चालू राहिलं तर ब्राउझरला खऱ्या कीऐवजी २२९ हा एकच कोड मिळतो आणि एकाक्षरी शॉर्टकट गप्प बसतात, भाषा इंग्रजी केली की लगेच जागे होतात. शिफ्ट-एंटर दाबल्यावर सेलच्या कंसात फक्त तारा दिसत असेल तर शॉर्टकट पोचलाय, कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा प्रोग्राम, आधीच्या कामात अडकलाय. तो थांबवायला कमांड मोडमध्ये दोनदा आय.

शॉर्टकट बदलायची सोय जुन्या नोटबुकात ५.० पासून, ज्युपिटरलॅबमध्ये सेटिंग्ज एडिटरमध्ये. तिथे प्रत्येक शॉर्टकटला की, कमांड आणि सिलेक्टर (पानाच्या कुठल्या भागात शॉर्टकट लागू होईल ते) असे तीन भाग असतात, यातला सिलेक्टर चुकला की की दाबून काहीच होत नाही आणि एररही येत नाही. ज्या टॅबलेट कीबोर्डवर एस्केपच नसते तिथे कमांड मोडला जायला कंट्रोल-एम दाबावं, ज्युपिटरने ती जुनी जोडी अजून काढलेली नाही.