कोहळा की कोळुं? पेठा आणि भोपळ्याची कँडी, दोन्हींची गल्लत करू नका

दिवाळीच्या आधी कोणी ना कोणी मला विचारतंच की भोपळ्याचा पेठा घरी कसा करायचा, आणि मी आधी उलट विचारते की भोपळा म्हणजे नक्की कुठला, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं.

आपल्या बडोद्यात तर हा घोळ जास्तच आहे. मराठीत कोहळा म्हणजे तो मोठा, वरून राखेसारखी पांढरी भुकटी असलेला, आत पांढराशुभ्र. पण इथे बाजारात गुजरातीत कोळुं म्हटलं की समोर येतो तो लाल भोपळा, आणि आपला कोहळा पाहिजे असेल तर भूरुं कोळुं असं म्हणावं लागतं. आता कोहळा आणि कोळुं, कानाला किती सारखं लागतं बघा. त्यात आमच्या मावशी वर्ध्याच्या, तिकडे लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात, म्हणजे घरातल्या घरात एकाच शब्दाचे दोन अर्थ. हिंदीतल्या रेसिपी बघायला जाल तर पेठा हे मिठाईचंही नाव आणि ती ज्याची करतात त्या कोहळ्याचंही, आणि दिल्लीकडचं कोणी सीताफल म्हणालं तर ते आपलं सीताफळ नाही, लाल भोपळा. इंग्लिशमध्ये सर्च केलं तर व्हाइट पम्पकिन, ॲश गोर्ड, विंटर मेलन, तिन्ही नावांनी कोहळाच निघतो, आणि नुसतं पम्पकिन टाकलं की लाल.

माझी पहिली खेप अशीच वाया गेली. मी कोळुं मागितलं, भाजीवाल्याने मागितलं तेच दिलं, आणि घरी येऊन मी लाल भोपळ्यावर पेठ्याची रेसिपी जशीच्या तशी केली. चुन्यात रात्रभर ठेवलं, सकाळी धुतलं, उकळत्या पाण्यात टाकलं आणि लिहिल्याप्रमाणे अर्धा तास थांबले. फोडी बाहेरून शाबूत दिसत होत्या पण झाऱ्यावर घेतल्या की मधून दबायच्या, आणि पाणी सगळं केशरी झालेलं, म्हणजे भोपळ्याची जी चव होती ती त्या पाण्यात गेली. शेवटी सगळं कुस्करून गूळ आणि कणीक घालून घारगे केले. त्यानंतर मी दोन्ही वेगवेगळं शिकले.

खंडेराव मार्केटात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात, तिथे उभं राहून जरा नीट बघा. कोहळा पेठ्याला जुना, पिकलेला लागतो, म्हणजे सालीवर पांढरी भुकटी भरपूर, बोट फिरवलं की बोटाला लागते. कोवळ्यावर बारीक लव असते, तो भाजीला ठीक. कोहळ्यात जवळजवळ ९६ टक्के पाणी असतं, रंग नाही, वास नाही, चव म्हणाल तर काकडीच्या जवळपास. त्याच्याकडे फक्त घट्ट पांढरा गर आहे, म्हणून पेठ्यात आपण केवडा, गुलाबपाणी, केशर घालतो, जे घालाल ते तो घेतो. लाल भोपळ्याचं बरोबर उलटं. त्याच्यात स्टार्च आहे, स्वतःची साखर आहे, कॅरोटीनचा रंग आहे, वास आहे, पण शिजला की पटकन मऊ पडतो. म्हणून कोहळ्याला चव द्यायची असते आणि भोपळ्याची असलेली चव सांभाळायची असते, पुढचं सगळं यावरून ठरतं.

चुना मात्र दोघांनाही लागतो. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, शिजवताना ते सुटतं आणि फोड मऊ होते. चुन्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून मग कितीही पाकात उकळलं तरी फोड फुटत नाही आणि दाताखाली करकरीत लागते. हे फक्त आपल्याकडेच नाही हं, मेक्सिकोत लाल भोपळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवून कँडी करतात, तुर्कस्तानात हाताय भागात पण तसंच, वरून करकरीत आणि आत रसाळ, आणि वर तिळाची पेस्ट नि अक्रोड घालून खातात. म्हणजे भोपळ्याची पारंपरिक कँडी ही खरीखुरी गोष्ट आहे, पेठ्याची नक्कल नाही.

चुना खायचाच घ्यायचा, पानाचा. रंगाच्या दुकानातला अजिबात नको. १ किलो फोडींना २ लिटर पाणी आणि २ छोटे चमचे चुना. एका लिटर पाण्यात चुना जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, त्यामुळे जास्त घालून फायदा नाही, तो तळाशीच बसणार. ढवळून ५ मिनिटं थांबा, जाड गाळ खाली बसू द्या आणि वरचं दुधाळ पाणी वापरा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, ॲल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो. हात घालू नका, कातडी सोलवटते. कोहळ्याच्या फोडींना आधी काट्याने सगळीकडून टोचायचं आणि आतला बियांजवळचा पिसपिशीत भाग पूर्ण काढायचा, तो ठेवला तर पेठा एका बाजूने लिबलिबीत होतो. भोपळ्याला टोचू नका, तो तिथूनच फुटायला लागतो. रात्रभर, १० ते १२ तास, दोघांनाही पुरे.

मग धुणं, आणि यात घाई करू नका. मी ५-६ पाण्यांनी धुते, मध्ये अर्धा तास साध्या पाण्यात ठेवते आणि शेवटच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून बघते. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतं, कुंकू असंच तर करतात. वाटीत ते धुतलेलं पाणी घेऊन हळद टाकली आणि पिवळीच राहिली तर झालं, विटकरी झाली तर अजून धुवा. पहिल्या-दुसऱ्या पाण्याला ती एकदम लालभडक होते, एकदा बघितलं की धुण्याचा कंटाळा आपोआप जातो.

यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या. कोहळ्याच्या फोडी भरपूर पाण्यात उकळायच्या, काचेसारख्या आरपार दिसायला लागेपर्यंत, साधारण २० ते ३० मिनिटं, चुन्याचा उरलासुरला वासही यातच जातो. काही जण इथे फटकडी, म्हणजे तुरटी, घालतात, मी घालत नाही, चुना नीट लागला असेल तर गरज पडत नाही. निथळून १ किलो फोडींना पाऊण ते १ किलो साखर वरून पसरायची आणि रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी फोडी स्वतःच्याच पाण्यात पोहत असतात. सरळ घट्ट पाकात टाकल्या तर आतलं पाणी एकदम बाहेर ओढलं जातं आणि फोड आक्रसून चामट होते, म्हणून हा वेळ द्यायचाच. मग उकळी आणा, चमचाभर दूध घाला, मळी वर येते ती काढा, आणि मंद आचेवर आटवत जा. पहिल्या दिवशी एकतारी करून बंद करा, दुसऱ्या दिवशी पुढे, तीन तारेपर्यंत. मग जाळीवर काढून दिवसभर वाळवा, वर साखरेचा पांढरा थर धरतो. लिंबू पिळू नका. लिंबाने साखर फुटते, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये तुटते, आणि मग ती कोरडी बसतच नाही, चिकट राहते. अंगूरी पेठ्यासारखा रसातला पाहिजे असेल तर एकतारीलाच थांबा आणि पाकातच ठेवा.

लाल भोपळा पाण्यात उकळायचाच नाही. पूर्ण पिकलेला, जाड गराचा, आत गर्द केशरी असा बघून घ्या, आणि कच्चा तुकडा आधी जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर सगळा टाकून द्या, कडू भोपळा खाणं चांगलं नाही. फोडी मोठ्या, दीड-दोन इंचाच्या. धुतल्यावर १ किलोला ६००-७०० ग्रॅम किसलेला गूळ थर देऊन रात्रभर ठेवा. सकाळी पातेलं तसंच मंद गॅसवर, झाकण न ठेवता, आणि चमचा घालायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. तास-सव्वा तासात रस मधासारखा होतो, कडा पारदर्शक तांबूस दिसतात. वेलची, जायफळ, बास. ही कँडी कोरडी होण्याची वाट बघू नका. गुळात आधीच फुटलेली साखर असते त्यामुळे पांढरा थर कधी येणार नाही, ती चिकट आणि रसाळच असते, तशीच ती छान लागते. साखरेत करून पेठ्यासारखी वाळवून पाहिलीय मी, वरून कडक आणि आत पिठूळ झाली, नाही आवडली.

टिकायला पेठा सरस, कोरडा असेल तर घट्ट डब्यात पंधरा दिवस आरामात. भोपळ्याची आठवडाभर, तीही फ्रीजमध्ये.

बाकी आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते उगाच नाही, एक कोहळा ५-६ किलोचा सहज निघतो, तेवढा पेठा कोण खाणार, तेव्हा बाजारात कापून देतात का विचारा, आणि विचारताना भूरुं कोळुं म्हणा. अख्खाच आणलात तर आमच्याकडे कोहळ्यावर पहिली सुरी पुरुषाने चालवायची अशी रीत आहे, सासूबाई अजून पाळतात, मग माझा मुलगा पहिला काप देतो आणि पुढचं सगळं आम्ही दोघी बसून करतो.