‘दत्तक विद्यार्थी’ योजनेमागचा सातारा

एकेका शिक्षकाकडे दहा-पंधरा मुले सोपवायची. त्यांची हजेरी, अभ्यास, घरची अडचण यांवर त्याने लक्ष ठेवायचे. कुठे याला ‘दत्तक विद्यार्थी’ म्हणतात, कुठे ‘मेंटॉर’. साताऱ्यात याचे मूळ शोधायला वर्गापेक्षा वसतिगृहात जावे लागते.

त्याआधीचे एक उदाहरण आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या सरकारी इंग्रजी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, प्रवेश घेतला. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुटीत आपल्यातली भाजी-भाकरी त्यांना देत. ही आठवण बाबासाहेबांनीच सांगितली आहे. पण तो एका माणसाचा जिव्हाळा होता. मास्तरांची बदली झाली की संपला!

त्याला संस्थेचे रूप दिले कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिचे वसतिगृह साताऱ्यात सुरू झाले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत जेवत, कामे वाटून घेत. पोरगे आजारी आहे, गप्प आहे, घरून धान्य आलेले नाही, हे कळायला वेगळा फॉर्म भरावा लागत नसे. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अगदी मंगळसूत्रही, मोडले. १९४० च्या महाराजा सयाजीराव हायस्कूलने ‘कमवा आणि शिका’ची जोड शाळेला दिली.

पुढे गावोगाव शाळा झाल्या, मुले घरून येऊ लागली. सोय झाली, पण शिक्षकाची नजर तासिकेपुरती उरली. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले. त्यामुळे मागे पडलेले मूल वरच्या वर्गात तर गेले, पण त्याला वाचता येते का, हे कुणी पाहायचे? आताच्या योजनेची गरज मुख्यतः इथून निघाली.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. तेव्हापासून दत्तक मुलांची यादी गुणपत्रकावरून करण्याचा मोह वाढणार, असे मला वाटते. आईवडील दोघेही एमआयडीसीत पाळीवर असल्याने धाकट्या भावंडाला सांभाळत घरी राहणारी, पण परीक्षेपुरती तग धरणारी मुलगी त्या यादीत येत नाही. तिच्यासाठी घरभेट लागते आणि घरभेटीला वेळापत्रकात तासिका नसते.